शेवटची दहा मिनिटं

शुक्रवार, ३ ऑगस्ट १९५६

निकाल लागला! आणि पार चुकला.

माझ्याबरोबर शाळेत शिकवते त्या कुसुमच्या भावाने भुसावळहून मासिक आणलं. तिने शाळेत डब्याच्या सुट्टीत गुपचूप माझ्या पिशवीत सरकवलं. मुंबईच्या या सिनेमाच्या मासिकाचं बक्षीस म्हणजे मोठा मान. गेल्या सालच्या पिक्चरांचा निकाल आहे. आमच्या बऱ्हाणपूरला पिक्चर येईस्तोवर मुंबईवाले तो विसरलेले असतात, पण चालायचंच.

उत्तम चित्रपट 'उजड़ा डाकबंगला'. काय म्हणून? चार खोल्या, एक कंदील आणि तीन तास नुसती दारं वाजतात! विनोदी नट गुलफाम मास्टर. हे मान्य. 'राजा का बावर्ची'मध्ये तो नुसता कांदा सोलतो तरी हसून पोट दुखतं. उत्तम नटी — मंजुकिरण, 'पाँचवी चिट्ठी'. इथे माझं डोकं फिरलं. त्या पिक्चरमध्ये खरं काम केलंय ते सासू झालेल्या बाईने. इंदुमती तिचं नाव. गाण्यांच्या चोपडीत अगदी तळाला छापलंय, शोधावं लागतं. मंजुकिरण काय करते? पाणी भरते, नवऱ्याची वाट बघते, गाते. दिसते छान, ते कोण नाही म्हणतंय! मी एप्रिलमध्येच या वहीत लिहून ठेवलं होतं की यंदाचं माझं बक्षीस सासूबाईंना.

मासिक म्हणतं, "विशेषतः अखेरच्या प्रसंगातील मंजुकिरणचा अभिनय विसरता येणार नाही."

अखेरचा प्रसंग. तो मी पाहिलाय कुठे?

रविवार, ५ ऑगस्ट

वहीपासून काय लपवायचं. मी आजवर एकाही पिक्चरचा शेवट पाहिलेला नाही. एकाही!

दर शनिवारी तीनचा खेळ. टॉकीजमध्ये बायकांची बाजू वेगळी, मध्ये हिरवा पडदा. अंधार झाला की दारावरची मालूबाई तो सरकवते, आणि दिवे लागायच्या आत पुन्हा ओढून घेते. पुरुषांना बाया दिसत नाहीत, बायांना पुरुष. पण आत्याचा त्या पडद्यावर काडीचा भरवसा नाही. खेळ संपायला दहा मिनिटं उरली की तिला बरोबर कळतं. कसं कळतं देव जाणे, हातात घड्याळ नाही, काही नाही. कोपर मारते. "चल, ऊठ." बाकीच्या बाया आरामात बसलेल्या असतात, आणि आम्ही दोघी त्यांचे पाय तुडवत, शिव्या खात बाहेर. बाहेर लख्ख ऊन. माझ्या डोळ्यांत तिकडचं पाणी तसंच.

डाकबंगल्यातलं भूत कोण होतं, मला अजून ठाऊक नाही.

आत्या म्हणजे भाऊंची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण, सोजरबाई. भाऊंना 'गिरधर' म्हणून हाक मारणारी घरात ती एकटीच. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते, तेव्हापासून तिनेच मला वाढवलं. ती सासरी का नांदली नाही हे आमच्या घरात कोणी बोलत नाही. मी एकदा विचारलं तर भाऊंनी चष्मा काढून पुसायला घेतला. मग मी पण सोडून दिलं.

"आत्या, दहा मिनिटांनी काय बिघडतं गं?"

"तुला नाही कळायचं."

हे मी कितीदा ऐकलंय, त्याची गणती नाही.

बुधवार, ८ ऑगस्ट

लग्न ठरलंय, हेही एकदा लिहायला हवं. खकनारचे नंदकुमार. तिथे मास्तर आहेत, घरची केळी आहे. दिसायला 'राजा का बावर्ची'मधल्या राजापेक्षा बरे, बावर्चीपेक्षा कमी. पोहे खाताना मला विचारलं, "शाळेत कोणता वर्ग?" मी म्हटलं, "तिसरी." ते म्हणाले, "माझा पण तिसरीच." दोघांना हसू आलं. माणूस वाईट वाटत नाही.

पण खकनारला टॉकीज नाही! जत्रेत कधीमधी तंबू येतो म्हणे. तुळशीच्या लग्नानंतरची तारीख धरली आहे. हळदीचा आठवडा सोडला तर माझे चौदा शनिवार उरले. चौदा पिक्चर, आणि त्यातल्या एकाचाही शेवट नाही.

एक तरी पाहून जायचं. एक तरी, पुरता.

शनिवार, ११ ऑगस्ट

आजचा पिक्चर टाकाऊ. नायकाचा सदरा पुरात पोहूनही इस्त्रीचा राहतो.

निघताना मालूबाईला दारातच गाठलं. "मालूबाई, त्या 'पाँचवी चिट्ठी'त शेवटी काय होतं? चिठ्ठीत काय असतं?"

"काय माहीत वं बाई! मी तवा दाराची कडी काढत असते, पाठ पडद्याकडं. ती रडते एवढं पक्कं. अन् सासू बी रडते."

चाळीस खेळ झाले त्या पिक्चरचे, आणि हिने शेवट पाठीनेच ऐकला! मला वाटलं होतं जगात मी एकटीच आहे.

आत्या टांग्यापाशी उभी. "काय बोलत होतीस तिच्याशी?" "काही नाही." "मग लवकर चढ."

रविवार, १२ ऑगस्ट

मासिकात शेवटच्या पानावर लिहिलंय — "निकाल पटला का? वाचकांनी अवश्य लिहावे." मी लिहिलं. चार पानं झाली, दोन फाडली.

लिहिलं की बक्षीस सासूबाईंनाच हवं होतं. नवरा शहरात गेलाय, चार चिठ्ठ्या आल्या, सून अडाणी होती तेव्हा त्या सासूने वाचून दाखवल्या, मग सासूची नजर गेली आणि सून वाचायला शिकली, हे सगळं सासू कशी तोलून धरते! डोळे मिटून तांदूळ निवडते ते तर कोणी शिकवून येत नाही. आणि शेवटाबद्दल काहीच नाही लिहिलं तर म्हणतील, बाईने पिक्चर पाहिलाच नाही. म्हणून विचार केला. दोघी रडतात म्हणजे काय झालं असेल? पाचवी चिठ्ठी आल्यावर सून ती न वाचताच फाडते आणि माहेरी निघून जाते! दुसरं काय असणार? मी असते तर हेच केलं असतं. तेव्हा लिहिलं, "अखेरीस मंजुकिरण चिठ्ठी फाडते तो प्रसंग चांगला, पण एका फाडण्याला बक्षीस देणे योग्य नाही."

वाक्य झकास जमलंय. खाली पूर्ण नाव, बऱ्हाणपूर. पेटीत टाकून आले.

शनिवार, ८ सप्टेंबर

गणपती बसले. पिक्चर नाही. मोदक चांगले झाले.

शनिवार, २२ सप्टेंबर

गुलफाम मास्टर पुन्हा! यावेळी न्हावी. पोलिसाची अर्धी मिशी कापून पळतो. पुढे धरला गेला की सुटला? देव जाणे. "चल, ऊठ."

घरी येताना आत्या आपली आपणच हसत होती. मी विचारलं, "काय झालं?" म्हणाली, "ती मिशी गं." तिला सिनेमा माझ्याइतकाच आवडतो. मग असं का करते?

शुक्रवार, ५ ऑक्टोबर

छापलं. देवा!

कुसुमने मासिक दिलं तेव्हाच तिच्या तोंडावरून कळलं. माझं पत्र पूर्ण छापलंय, नावगावासकट. खाली संपादकांची ओळ — "बऱ्हाणपूरच्या या भगिनींनी नेमका कोणता चित्रपट पाहिला, तो आम्हालाही पाहायला आवडेल!"

म्हणजे ती चिठ्ठी फाडत नाही. फाडतच नाही!

कुसुम म्हणाली, "सोड ना, कोण वाचतंय?" शाळेच्या मोठ्या बाईंनी वाचलं होतं. तिसरीच्या वर्गात पाढे घेताना मी बारा साते एकदा ऐंशी केलं, आणि पोरींनी पण ऐंशीच म्हटलं.

आता मला कोणी शेवट सांगू नये. बघेन तर माझ्या डोळ्यांनी.

मंगळवार, ९ ऑक्टोबर

खकनारहून लोटूभाऊ आले होते. नंदकुमारांच्या वडिलांचे, देवरामकाकांचे, चुलतभाऊ. केळी घेऊन बाजाराला येतात. ओसरीवर बसले, पाणी प्यायले, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, आणि उठता उठता म्हणाले, "देवरामभाऊंनी विचारलंय, मुलगी सिनेमाचं लिहिते म्हणे? लई जाते का सिनेमाला?"

भाऊ कचेरीत आधीच टिंगल ऐकून आले होते. तरी शांतपणे म्हणाले, "नाही हो. कधीमधी. आता ते पण बंद."

लोटूभाऊ गेल्यावर मला एवढंच म्हणाले, "लीला, लग्न होईपर्यंत टॉकीजचं नाव काढायचं नाही. हे स्थळ पुन्हा मिळणार नाही."

रागावले असते तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.

आत्या स्वयंपाकघरात होती. सगळं ऐकलं तिने. पोळी जळाली तरी तिला वास आला नाही.

शनिवार, १३ ऑक्टोबर

तीन वाजले. चार वाजले. साडेपाच. आता तिकडे सगळे शेवट बघत असतील.

शनिवार, २० ऑक्टोबर

आज पण घरीच. वहीत यंदाची माझी बक्षिसं पुन्हा लावली. उत्तम सासू इंदुमती. उत्तम कांदा गुलफाम मास्टर. सगळ्यात मूर्ख प्रेक्षक — कु. लीला गिरधर.

रविवार, २८ ऑक्टोबर

टांगा फिरला आज! पुढे वाजंत्री, मागे मंजुकिरणचा फळकुटावर चिकटवलेला एवढा मोठा चेहरा. भोंग्यातून ओरडत होते — "मुंबई में इनाम पाया हुआ! 'पाँचवी चिट्ठी'! दिवाली की खुशी में फिर एक बार, नौ तारीख से, सिर्फ सात दिन!"

मी दारातून पाहिलं आणि आत आले. भाऊ वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी पान उलटलं नाही, इतका वेळ उलटलं नाही. त्यांनाही ऐकू गेलंच असेल.

मंगळवार, ३० ऑक्टोबर

आज करंज्या. हे नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

भाऊ कचेरीत. आत्या लाटत होती, मी भरत होते. मी अगदी सहज म्हटलं, "आत्या, दहा तारखेला शनिवार आहे. शेवटचा. भाऊंना तू सांगून बघ ना."

आत्याने लाटणं थांबवलं नाही. म्हणाली, "माझं सासर मोडलं ते सिनेमापायी."

मी करंजीची कड दाबत राहिले.

"सोळा वर्षांची होते. दिवाळीला माहेरी आलेले. तवा मुके सिनेमे होते, बोलत नव्हते. गिरधर अन् मी गेलो. हसवायचा सिनेमा होता गं. एक जाडा माणूस सारखा हौदात पडायचा. मी शेवटपर्यंत बसले. दिवे लागले तर बाजूचा पडदा अडकलेला, सरकेचना. पलीकडे पुरुष. डोक्यावरचा पदर पडलेला माझा, अन् मी हसतेय. तोंडाला हात पण नव्हता. समोर यांचे काका बसलेले."

"मग?"

"मग काय! दिवाळी झाली, न्यायला कोणी आलं नाही. संक्रांत झाली. बाबा दोनदा जाऊन आले. ते म्हणाले, चारचौघांत दात काढणारी सून आम्हाला नको. संपलं."

करंजी भरायची ती सारणासकट हातात फुटली. मी रडायलाच लागले, अगदी पोरीसारखी. आत्या म्हणाली, "तूप गरम झालं बघ."

थोड्या वेळाने मी विचारलं, "एवढं झालं तरी तू सिनेमाला जातेस कशी?"

"आवडतो म्हणून," आत्या म्हणाली. "फक्त दिवे लागायच्या आत निघायचं. बस."

सत्तावीस वर्षं! आणि मी तिला मनातल्या मनात काय काय बोलले.

गुरुवार, १ नोव्हेंबर

आजपासून आम्ही नव्या मध्य प्रदेशात. नागपूर सुटलं, भोपाळ आलं. भाऊ म्हणतात, कागद तेच, पत्ता बदलला. आमच्या सिंधीपुऱ्यात काही फरक पडलेला नाही. पणत्या लावल्या.

सोमवार, ५ नोव्हेंबर

दिवाळी पार पडली. नंदकुमारांचं कार्ड आलं, भाऊंच्या नावे. शुभेच्छा, सर्वांना नमस्कार. तळाला बारीक अक्षरात — "मासिक इकडेही येते. पत्र वाचले." एवढंच! आवडलं की नाही, काही नाही. मी ती ओळ दहादा वाचली. त्या पाच शब्दांवरून माणूस ओळखायचा कसा?

शुक्रवार, ९ नोव्हेंबर

पिक्चर लागला. टॉकीजच्या भोंग्यावरची गाणी गच्चीवर ऐकू येतात.

ठरवलं, नाही जायचं. भाऊ सांगतात म्हणून नाही. खकनारचं कोणी ना कोणी बाजाराला आलेलं असतंच, माझ्यापायी आत्याला तेच पुन्हा बघायला लागू नये. चिठ्ठीत काय आहे ते नाही कळलं तर नाही कळलं. जगाचं काही अडत नाही.

माझं अडतंय. पण ते वहीपुरतं.

शनिवार, १० नोव्हेंबर

भाऊ सकाळच्या गाडीने कचेरीच्या कामाला खंडव्याला गेले. मी गव्हाला चाळण लावून बसले होते. अडीच वाजता आत्या आतून आली, जरीकाठी लुगडं नेसून. "ऊठ. साडी बदल."

"कुठे?"

"आज शनिवार ना?"

"भाऊ काय म्हणतील?"

"गिरधरला मी बघते. तो त्या दिवशी माझ्या शेजारीच बसला होता. बारा वर्षांचा होता, तो पण हसला होता. त्याला कोणी विचारलं नाही."

मालूबाई आम्हाला पाहून म्हणाली, "किती शनिवार झाले वं! वाटलं, पोरगी गेली सासरी." आत बसलो. सगळं तेच. पाणी भरणं, गाणं, चार चिठ्ठ्या. सासूबाई यावेळी पण छानच. मी आत्याकडे बघत होते, पडद्याकडे कमी. पोस्टमन दारात आला. पाचवी चिठ्ठी. हीच ती जागा. मालूबाई कडी काढायला उठली. मी पण उठले. खरंच उठले, पदर सावरला, पिशवी घेतली.

आत्याने हात धरून खाली ओढलं. "बस खाली. बघू तर दे काय लिहिलंय."

लिहिलंय ते असं. नवऱ्याने शहरात दुसरं लग्न केलंय. हे आपल्याला पडद्यावर वाचता येतं, मोठ्या अक्षरात. आंधळी सासू विचारते, "क्या लिखा है?" आणि मंजुकिरण वाचून दाखवते. मी सुखरूप आहे, आईला नमस्कार, काम फार, लवकर येईन. डोळे एक वाचतायत आणि तोंड दुसरं बोलतंय! आवाज कापत नाही. एकदाही नाही. मग सासू तिच्या तोंडावरून हात फिरवते, आणि ओल्या गालाशी हात थांबतो. तिला कळतं. ती म्हणते, "अच्छी चिट्ठी है. फिर से पढ़." आणि मंजुकिरण पुन्हा पहिल्यापासून वाचते.

बक्षीस बरोबर होतं. माझं चुकलं, कबूल. पण सासूबाईंना पण द्यायला हवं होतं, त्यावरून मी हटणार नाही.

पडदा पांढरा झाला. मालूबाई धावली, पण हिरवा पडदा ओढायच्या आतच दिवे लागले. पलीकडे पहिल्याच रांगेत, दुसरं कोणी नाही, लोटूभाऊ! खांद्यावरच्या पंचाने डोळे पुसत होते. चांगले हुंदके देत होते. आम्ही दिसलो तसे एवढे ओशाळले, पंचा मागे लपवला. मग हात जोडले. "राम राम बाई."

"राम राम," आत्या म्हणाली. पदर डोक्यावर होता की नाही, तिने हात लावून पाहिलं पण नाही.

आम्ही सगळ्यांबरोबर, गर्दीतून, हळूहळू बाहेर आलो. टांग्यात ती एवढंच म्हणाली, "मी असते तर खरं वाचून दाखवलं असतं."

रविवार, ११ नोव्हेंबर

लोटूभाऊ सकाळी केळीचा घड ठेवून गेले. भाऊंना म्हणाले, मांडवाचं सामान मंगळवारी पाठवतो. कालचं अवाक्षर नाही.

ते गेल्यावर आत्या चुलीपुढे बसून राहिली. दूध उतू गेलं. मी भांडं उतरवलं तेव्हा म्हणाली, "लीले, सिनेमाचं निमित्त होतं गं. त्यांना मला न्यायचंच नव्हतं. अन् मी सत्तावीस वर्षं उगाच उठत राहिले."